भाभींची चांदी

चांदीचं काहीही हातात आलं, की भाभी ते आधी ओट्याच्या फरशीवर टाकायच्या आणि मान वाकडी करून ऐकायच्या. "बोलते का नाही, पाह्य." खणखणलं की खूश. मग पदराने पुसून माझ्या हातात द्यायच्या.

घाटंजीत आमचं आणि त्यांचं घर भिंतीला भिंत लावून होतं. त्यांचे मिया मोटारपंप दुरुस्त करायचे आणि त्या रजया शिवायच्या. माझे यजमान कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम होते. खाजगी नोकरी, पेन्शनचं नाव नाही. म्हणून म्हातारपणासाठी मी पोटाला चिमटा काढून सोनं जमवलं होतं. चार पाटल्या झाल्या होत्या आणि त्यांचा मला भारी तोरा होता.

"नुसतं सोनं कामाचं नाही, बाई. संग चांदी पाह्यजे," भाभी म्हणायच्या.

"चांदी पायात घालायची, भाभी. तिच्यावर काय म्हातारपण काढायचं?"

"म्हातारपणी पह्यले पायच थकतात," त्यांचं उत्तर तयार असायचं.

रजईचे पैसे आले की बाजाराच्या दिवशी त्या मला ओढत सराफाकडे न्यायच्या. स्वतः चांदीचा शिक्का घ्यायच्या, मलाही घ्यायला लावायच्या. "दागिना नको घेऊ. दागिना पाह्यला की सून मागते." मला एकुलती एक मुलगी, सून यायची कुठून? पण अशा बाईशी वाद घालून कोणी जिंकलंय का? तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेलच. माझे शिक्के चहाच्या जुन्या डब्यात पडत गेले.

आता त्या काही मोठ्या पारखी होत्या असं समजू नका. एकदा बाजारात एका फिरत्या माणसाकडून चांदीचा म्हणून पेला घेऊन आल्या. ओट्यावर टाकला तर नुसता थप्प! निव्वळ गिलट. तिथे का नाही वाजवून पाहिला, असं मी विचारलं.

"वाजवला ना! पण बाजूनं वरात चालली होती. बँडच्या आवाजात मले वाटलं, हाच वाजून राह्यला."

मी पोट धरून हसले. त्या मात्र त्याच पेल्यातून रोज पाणी प्यायला लागल्या. "मुका हाय बिचारा. मुक्याले काय घराबाहेर काढतात का?"

मग ती वाईट वर्षं आली. कापूस पिकला नाही तरी गावाच्या डोळ्यांत पाणी आणि पिकला तरी भाव नाही म्हणून पाणी. जिनिंग बंद पडू लागलं, पगार लांबू लागला. मुलगी तेव्हा यवतमाळला नर्सिंगला होती आणि तिची फी भरायची होती. एक दिवस मी एक पाटली रुमालात बांधली आणि निघाले. भाभी ओट्यावर रजई पसरून बसल्या होत्या. त्यांनी गाठोडीच पाहिली.

"काय हाय त्याच्यात?"

मी सांगितलं.

"म्हातारपण मोडाले चालली? फी पाटलीएवढी हाय का?"

"नाही. बरीच कमी आहे."

"मंग कायले? पाटली मोडली की फीचे पैसे फीले जातीन, न बाकीचे असेच उडून जातीन. घरात सुटा पैसा टिकते का कधी? चाल, डबा काढ."

सुई रजईतच खोचून त्या माझ्या मागोमाग घरात आल्या. लागतील तेवढेच शिक्के त्यांनी काढू दिले. पाटली पुन्हा कपाटात गेली. त्यानंतर कितीतरी अडचणी त्या डब्यानेच निभावल्या. हात मोकळा झाला की आम्ही तो पुन्हा भरायचो. तो नसता तर पाटल्या एकेक करून किराण्यात आणि औषधात कधीच विरघळल्या असत्या. माझं म्हातारपण भाभींनी राखलं, हे मी कोणालाही सांगते.

यजमान गेल्यावर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी एक पाटली मोडली. त्या कामासाठीच तर त्या ठेवल्या होत्या. तीन अजून शाबूत आहेत.

भाभी मागच्या हिवाळ्यात गेल्या. मुलांनी त्यांची चांदी आपसात वाटून घेतली, भांडण न करता. गिलटाचा पेला तेवढा भांड्यांच्या ढिगात उरला होता, कोणालाच नको होता. मी तो मागून घेतला.

घरी येऊन ओट्यावर बसले आणि पेला फरशीवर टाकून पाहिला. मान आपोआप वाकडी झाली. थप्प.

मी तो पदराने पुसला आणि कपाटात पाटल्यांच्या शेजारी ठेवला. सोन्यासंग चांदी पाह्यजे.