नामदेवचं अर्धं डोकं

“खिडकी लावा, डाक्टर. उजेड सोसंना,” एवढं बोलून नामदेव भिंतीकडे तोंड करून निजला. दोन उलट्या झाल्या होत्या. डावा डोळा आणि डावी नाकपुडी, दोन्ही वाहत होते.

पन्नासच्या दशकात पिंपरीच्या बाजूला एक कारखाना नवा उभा राहत होता. मी तिथल्या दवाखान्यात डॉक्टर होतो. नामदेव गावचाच. जमीन कारखान्यात गेली म्हणून त्याला बॉयलरवर काम मिळालं होतं, पण प्रोबेशनवर. कायम व्हायचा होता. अधूनमधून डोकं धरून घरी बसायचा. पुण्याला एका डॉक्टरांनी सायनस सांगितला होता. नाकातून जाड सुई घालून धुतलाही होता.

“धुतल्यावर निघालं काय?” दुसऱ्या दिवशी मी विचारलं. तेव्हा तो ठणठणीत होता.

“निस्तं पानी. दुखायचं ते दुखतंच हाय. बायकू म्हनती, नाकच ठिवून या त्यांच्याकडं.”

सायनस म्हणजे गालाच्या आणि कपाळाच्या हाडांतल्या पोकळ्या. त्यांत पू झाला की डोकं दुखतं. पण मग नाक चोंदतं, घट्ट पिवळा शेंबूड येतो, कणकण असते, आणि दुखणं बरेच दिवस रेंगाळतं. नामदेवचं तसं नव्हतं. ठणका एकाच बाजूला, उलट्या, उजेडाचा त्रास, आणि झोप झाली की काहीच नाही. हा मायग्रेन, आपली अर्धशिशी. तिच्यातही नाकातून पाणी येतं, तिथेच फसगत होते. एक्स-रे काढला, पोकळ्या स्वच्छ. तो गुरुवारचा निर्जळी उपास धरून बॉयलरपुढे उभा राहायचा, त्या दिवशी डोकं हमखास उठायचं. उपास सोडायला लावला. ठणका सुरू होताच घ्यायच्या गोळ्या दिल्या.

आमच्या घरात शिकलेला मी पहिला. गावच्या मास्तरांनी वडिलांशी भांडून मला पुढे पाठवलं होतं. खरं निदान करावं, हीच त्यांच्या उपकाराची फेड, असं मी मानत असे. रिपोर्ट घेऊन मी स्वतः मॅनेजरसाहेबांकडे गेलो.

“म्हणजे ऑपरेशनने जाणार नाही?”

“ऑपरेशनची गरजच नाही साहेब. गोळीने आटोक्यात राहील. बॉयलरवरून काढून स्टोअरमध्ये द्या.”

“मुळापासून बरा होईल का, तेवढं सांगा.”

“तशी खात्री कुणी देणार नाही.”

साहेबांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. “सायनस होता तोवर मी त्याला म्हणत होतो, ऑपरेशन करून ये, कायम करतो. आता काय म्हणू?”

प्रोबेशन संपलं, त्याबरोबर नोकरीही गेली. स्टोअरसाठी मी पुन्हा जाऊन आलो. साहेबांनी चहा पाजला.

पुढे नामदेव गोळ्या न्यायला आला तर गेटवर अडवला. दवाखाना फक्त कामगारांसाठी होता, आणि उभा होता नामदेवच्या वावरात. मीच गोळ्या घेऊन बाहेर गेलो.

“गुण आहे का?”

“हाय की. डोकं उठलं तरी लगीच उतरतंय.” तो गेटमधून आत बघत होता. “पन आता उतरून करायचं काय, डाक्टर?”

निदान बरोबर होतं. मात्र तेव्हापासून रिपोर्ट लिहिण्याआधी, तो वाचणारा त्याचं काय करणार, हे मी विचारून घेतो.