सरांची वेगळी प्रत

"मले शेवटी बसवलं?" झाडे सरांनी प्रिंट काउंटरवर आपटली. "मी गाईड होय का कोण होय?"

मी खुर्चीतून उठले. कुणी आवाज चढवला की मी उभी राहते. शाळा नववीत सुटली, पण तेवढं शिक्षण अजून टिकून आहे.

आमचं दुकान गडचिरोलीत, स्टँडजवळ. झेरॉक्स, लॅमिनेशन, लग्नपत्रिका आणि थीसिस. महत्त्वही याच क्रमाने. मालक रफिकभाई. मी जिंतूरकडची, नवऱ्याच्या नोकरीमागे इतक्या लांब आले. काम मागायला गेले तेव्हा रफिकभाईंनी मार्कशीट मागितली नाही. कीबोर्ड पुढे सरकवला आणि म्हणाले, "बसा सुनंदाबाई, मशीन काही चावत नाई." त्या उपकारावर मी आजवर बसलेली आहे. आणि आज ना उद्या मार्कशीट मागतील, ही धास्तीही तेव्हापासूनचीच.

तर सरांचा राग. त्याचं मूळ सांगते.

शीतल येरमे कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. म्हणजे शिकवाल तेवढ्या तासांचे पैसे, सुट्टीतली भूक तुमची तुम्ही बघा. मामा तलाव म्हणजे जुन्या मालगुजारांनी बांधलेले गावतलाव. त्यांतल्या माशांवर तिची पीएच.डी. चालली होती. थीसिस जमा करायला दोन गोष्टी लागत होत्या: जर्नलने स्वीकारलेला एक लेख आणि थीसिसवर गाईडची सही. मुदतवाढ मिळून झाली होती. आता चुकलं तर रजिस्ट्रेशन रद्द, म्हणजे इतक्या वर्षांचं काम तलावात.

लेखावर नावं दोन. पहिलं झाडे सरांचं, दुसरं शीतलचं. चिखलात उतरली शीतल. सर काठापर्यंतही गेले नव्हते, पण मार्गदर्शन लांबूनच चांगलं होतं म्हणतात.

लेखाच्या शेवटी रेफरन्स असतात. आपण ज्यांचं वाचून लिहिलं, त्यांची यादी. मजकुरात मधेच कंसात नाव आणि साल येतं, ते सायटेशन. मजकुरात ज्याचं नाव आलं तो यादीत हवाच, आणि यादीत आहे तो मजकुरातही हवाच. आहेर करणारा पंगतीत दिसलाच पाहिजे, तसं. लेखक फार असले तर पहिल्याचं नाव लिहून पुढे 'एट अल' टाकायचं. आमच्या भाषेत, 'व समस्त परिवार'.

पहिली यादी सरांनी स्वतः लावून दिली होती. सर्वांत वर डॉ. झाडे, मग झाडे सरांचे गाईड, मग प्राचार्य, मग इतर मान्यवर, आणि उरलेल्या जागेत परदेशी शास्त्रज्ञ. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. पत्रिकेत आम्ही असंच लावतो. आधी आजोबा, मग मोठे काका.

जर्नलवाल्यांना मोठे काका कळेनात. त्यांनी लेख परत पाठवला. डॉक्टर-प्रोफेसर ही विशेषणं काढा, आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांप्रमाणे यादी लावा, आठवड्यात परत पाठवा.

मी यादी सिलेक्ट केली आणि सॉर्टचं बटण दाबलं. कॉम्प्युटरला थोरामोठ्यांचं काही नसतं. ए म्हणून आकरे वर गेले आणि झेड म्हणून झाडे सर आपल्या पाचही लेखांसह तळाला जाऊन बसले. आकरे हा सरांचाच जुना विद्यार्थी. त्याने एकदा सरांचं नाव न घालता लेख छापला होता. सर एरवी पुस्तकी मराठी बोलतात, पण त्या दिवशी इकडची सगळी झाडी बोली बाहेर आली.

"आकऱ्या वरती अन् मी खाली? काऊन?"

"सर, तुमचा झेड आहे ना," मी म्हटलं.

"झेड आहे तं का झालं? त्याले ए मी शिकवला!"

शीतल हळूच म्हणाली, "सर, लेखावर पहिलं नाव तुमचंच आहे जी."

"ते तं राहतेच. ते काय उपकार होय?" सरांनी पेन खिशाला लावलं. "नाव वरती येत नाई, तोवर सही नाई."

सर गेले. शीतल स्टुलावर बसली. रडेल म्हणून मी पाण्याचा ग्लास भरला. ती म्हणाली, "ताई, सरले म्हणू का, अर्जंट एखादं ए वालं आडनाव घ्या म्हणून? गॅझेटमध्ये बदलून भेटते." आणि मग खरंच रडली.

 सरांचं ऐकावं तर लेख परत. जर्नलचं ऐकावं तर सही नाही. आणि कॉलेजचं सगळं काम आमच्याकडे येतं ते सरांच्या ओळखीने. ते तुटलं तर मार्कशीटचा विषय निघणारच, अशी माझी खात्री.

रफिकभाई मागे कटिंग मशीनवर पत्रिकांचा गठ्ठा कापत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"जर्नलले काय पाहिजे?"

"अल्फाबेट," शीतल म्हणाली.

"सरले काय पाहिजे?"

"वरती."

"मंग दोघांले एकच पत्रिका काऊन देता?"

मग त्यांनी वरोऱ्याच्या एका लग्नाची गोष्ट सांगितली. नवरीचे फुफाजी, म्हणजे आत्याचे यजमान, रुसून बसले, पत्रिकेत आपलं नाव तिसऱ्या ओळीत आलं म्हणून. रफिकभाईंनी एक छोटा गठ्ठा वेगळा छापला. त्यात फुफाजी सर्वांत वर, ठळक टायपात. तेवढाच गठ्ठा फुफाजींच्या गल्लीत वाटला. फुफाजी लग्नात नाचलेही.

"पण ही फसवणूक नाही का, भाई?" मी विचारलं.

"दोन्ही पत्रिकांत नवरी तेच होती ना?" मग शीतलकडे वळून, "मासे बदलून राह्यले का तुमचे?"

"नाई."

"तलाव?"

"नाई."

"मंग झालं तं. काढा दोन."

मी दोन काढल्या. जर्नलची प्रत साधी, ए ते झेड. सरांची प्रत जाड कागदावर, स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक कव्हर, आणि यादीत झाडे सर आपल्या पाचही लेखांसह सर्वांत वर, डॉक्टरकीसकट. 

सरांनी पहिलं पान वाचलं नाही, दुसरं वाचलं नाही. थेट शेवटच्या पानावर गेले. यादीवर बोट ठेवलं. ते पहिल्याच ओळीवर थांबलं, पुढे गेलंच नाही.

"आता कसं शास्त्रीय वाटते," सर म्हणाले आणि थीसिसवर सही केली.

दुसरी प्रत जर्नलला गेली आणि लेख स्वीकारला गेला. थीसिस मुदतीत जमा झाला. पुढे शीतलला डिग्री मिळाली आणि मुलाखत देऊन ती कायमही झाली. तिच्या पेढ्यातला अर्धा मी जिंतूरला फोनवर बोलता बोलता खाल्ला.

पण लेख छापून येईपर्यंत माझी झोप उडालेली. सरांची गाडी दुकानासमोर थांबली की मी उभी. एक दिवस ते छापील अंक घेऊनच आले. पहिल्या पानाची रंगीत झेरॉक्स पाहिजे होती, लॅमिनेशनसकट.

माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, पूर्ण वाचला का लेख?"

"वाचायचं काय त्यात?" सर म्हणाले. "माझाच आहे."

मी लॅमिनेशन केलं. दोन्ही बाजूंनी.

आता ती स्पायरलवाली प्रत सर आपल्या सगळ्या विद्यार्थ्यांना नमुना म्हणून देतात. रेफरन्स असे पाहिजेत, म्हणतात. मुलं ती घेऊन आमच्याकडे येतात. आम्ही न बोलता दोन प्रती काढतो. धंदा वाढला. रफिकभाई म्हणतात, ज्ञानप्रसार होय हा. मी एवढंच शिकले की यादी लावण्याआधी ती वाचणार कोण, ते विचारून घ्यावं.

परवा शीतल मॅडम आल्या होत्या. आता मॅडम म्हणावं लागतं. त्यांच्या हाताखालच्या एका मुलीचा एमएस्सीचा प्रोजेक्ट होता. मी नेहमीप्रमाणे सॉर्ट केलं. तळाला झाडे सर, त्यांच्या बरोबर वर येरमे. वाय ना.

मॅडम स्क्रीनकडे बघत राहिल्या. बोट वरून खाली आलं, तळाशी आपल्या नावापाशी थांबलं. परत वर गेलं. पहिलं नाव आकरेचंच होतं.

कटिंग मशीन थांबलं. रफिकभाईही ऐकत असावेत.

मी उभी राहिले आणि विचारलं, "मॅडम, एक काढू की दोन?"