साखरपुड्याआधीची टेस्ट

मला नको तेव्हा हसू फुटतं, ही माझी जुनी खोड. दुबईत, अल बर्शाच्या आमच्या घरात त्या रविवारी तर कहरच झाला.

लेकीच्या साखरपुड्याची तारीख काढायची होती. मुलगा शारजाहून आलेला, त्याचे आईवडील खास ठाण्याहून. पत्रिका जुळलेली, पोहे फक्कड झालेले, माझी मनातल्या मनात पैठणीसुद्धा नेसून झाली होती. तेवढ्यात आमच्या बाईसाहेबांनी, म्हणजे लेकीनं, बशी खाली ठेवली. "अंकल, आंटी, बिफोर द डेट, आम्ही दोघं एचआयव्ही टेस्ट करू? प्लीज?"

झालं! आमच्या ह्यांना ठसका लागला. मी म्हटलं, खलास, मोडलं लग्न. आणि नेमकं तेव्हाच मला हसू फुटलं. तोंडात पदर कोंबला तरी खांदे गदगदा हलतायत!

"अगं, व्हिसाच्या मेडिकलला झालीये माझी," मुलगा म्हणाला. "पास!"

इथे सगळ्यांचा हाच समज. व्हिसा मिळाला की माणूस धुतल्या तांदळासारखा!

"दॅट वॉज लास्ट इयर," लेक म्हणाली. "अँड आय विल डू इट टू. दोघं जाऊ."

तो लाजला, मग हसला. "यल्ला, चल, उद्याच जाऊ."

माझा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. विहीणबाई काय म्हणतील, कोण जाणे. "मनावर घेऊ नका हो, इथली मुलं काहीही बोलतात," असं म्हणत मी पुन्हा खिदळले. मेलं हसू!

"नाही, बोलू दे तिला," त्या म्हणाल्या. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. "हे तीस वर्षं बोटीवर होते. दर वेळी घरी आले की मला हेच विचारायचं असायचं. भीती वाटायची हो. पण घरच्या बाईनं असलं विचारायचं कसं?"

व्याही गालिच्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "ठाण्याला गेलो की जाऊ. दोघं."

विहीणबाईंनी लेकीला शेजारी बसवून घेतलं. "तारीख काढा तुम्ही," त्या म्हणाल्या. "आणि टेस्टच्या ठिकाणी जाऊन काय सांगायचं, काय विचारायचं, ते मला लिहून दे बाळा. मराठीत."

लेकीला मराठी धड लिहिता येत नाही. ती सांगत गेली, मी लिहीत गेले, आणि विहीणबाई माझ्या खांद्यावरून एकेक ओळ वाचत होत्या.