पहिला ठराव नामिबियाचा

गेटसभेत बोलायला उभे राहिले की आमच्या युनियनचे सेक्रेटरी आधी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकत. मग आम्हाला कळे, आता लवकर सुटका नाही. तुमच्याही कारखान्यात, ऑफिसात असा एखादा असेलच. तो बोलायला उठला की लोक पिशव्या काखोटीला मारायला लागतात.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत आमचा रंगांचा कारखाना होता. ते बॉयलरवर, मी पॅकिंगला. राहायला दोघेही मोरिवलीत. युनियन लाल बावट्याची. सभा शिफ्ट सुटल्यावर, पोटात कावळे ओरडत असताना. आणि पहिला ठराव बोनसचा नाही, कॅन्टीनचा नाही, तर तिकडे आफ्रिकेतल्या नामिबियाच्या स्वातंत्र्याला पाठिंब्याचा! त्यांच्या माघारी आम्ही त्यांना ‘नामिबिया’च म्हणायचो.

एकदा चामटोलीहून येणारा एक फिटर वैतागला. “सेक्रेटरी, रोज माझी एसटी जाते. त्या लोकांना आपला आवाज तरी पोचतो का?”

“नाही पोचत.”

“मग कशाला?”

“ज्याच्याकडून आपल्याला काडीचा फायदा नाही, त्याच्यासाठी पण उभं राहता आलं पायजे. सवय लागते रे हळूहळू.”

फिटरने पाठिंबा दिला, त्याची एसटी चुकली आणि आठवडाभर तो त्यांच्याशी बोलला नाही.

नव्वद साली नामिबिया खरोखरच स्वतंत्र झाला. सेक्रेटरी उल्हासनगरला जाऊन पेढे घेऊन आले. दुकानातल्या सिंधी शेठने विचारलं, “क्या साईं, लड़का हुआ?”

“नाही शेठ, देश झाला.”

हे त्यांनीच आम्हाला सांगितलं आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. मी पेढा घरी नेला. बायको म्हणाली, “कुठं आलं हे गाव?” मी म्हणालो, “आफ्रिकेत कुठंतरी.”

पुढे सरकारी धोरण बदललं. ‘खुला बाजार’ हा शब्द आमच्या चहाच्या टपरीपर्यंत आला आणि शेजारचे कारखाने एकेक करून बंद पडू लागले. आमच्या मालकालाही जागा मोकळी हवी होती. स्वेच्छानिवृत्तीची नोटीस लागली. सेक्रेटरींचं म्हणणं, कामगारांची सोसायटी काढून कारखाना आपणच चालवू. महिनाभर ते पार कुळगावपर्यंत दारोदार फिरले. लोकांनी त्यांना चहा पाजला आणि सभेत पैसे घेऊन मोकळं व्हायच्या बाजूने मत दिलं. कुणाच्या मुलीचं लग्न होतं, कुणाचं घर गळत होतं. त्यांनी वाद घातला नाही. “बहुमत झालं ना? मी सही करतो.”

सही करायला गेले आणि तिथेच अडले. गोण्या उचलणारे कंत्राटी हमाल बारवी धरणाकडच्या पाड्यांवरून यायचे. ते युनियनचे सभासद नव्हते आणि करारात त्यांचा उल्लेखही नव्हता. “त्यांना पण द्या, मग सही,” सेक्रेटरी म्हणाले. मालक नाही म्हणाला. आमचे पैसे अडकले. एक पंधरवडा गेला, दुसरा गेला. लोक त्यांना तोंडावर शिव्या द्यायला लागले. नळावर त्यांच्या बायकोशी कुणी बोलेना.

शेवटी त्यांना काढून दुसऱ्याला सहीसाठी नेमायचा ठराव आला. नियमाप्रमाणे सभा सेक्रेटरीनेच घ्यायची. त्यांनीच पिंपावर उभं राहून ठराव वाचला, आवाज न चढवता.

“बाजूने कोण?”

हात उठले, पण खांद्याएवढेच. जो तो शेजारच्याकडे बघत होता.

“नीट वर करा रे,” ते म्हणाले. “मला मोजता येत नाहीत.”

मी आणि आणखी थोड्यांनी हात खालीच ठेवला, पण त्याने काय होणार? त्यांनी एका टोकापासून मोजलं. कुणाचा हात सुटायला नको म्हणून पुन्हा मोजलं.

“ठराव मंजूर.”

मग ते पिंपावरून उतरले आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेले. हमाल तिथे निकालाची वाट बघत उभे होते. “नाही जमलं,” ते त्यांना म्हणाले.

गेटवर त्यांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं. एका म्हाताऱ्या हमालाने डोक्यावरची रिकामी गोणी काढली, झटकली आणि त्यांना बसायला अंथरली.