पाना न लागलेली गाडी

आमच्या गाडीला बोलावणं आलं ते माझ्या फोनवर आलं, कारण ही मालवाहू गाडी माझ्या नावावर आहे. चालवणारे आमचे हे, डिझेल टाकणारे हे, फडकं घेऊन पुसणारेही हेच, मी फक्त कागदावरची मालकीण. गाडी घेताना मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सांगितलं होतं की घरच्या लक्ष्मीच्या नावावर घ्यायची. लक्ष्मी तेव्हा आत चहा टाकत होती, तिला कुणी काही विचारलं नाही. सहीपुरतं मात्र नगरला नेलं, तेही नवीन साडी नेसायला लावून.

मी घरी शिवणकाम करते. त्या दुपारी मशीनवर ब्लाउजला बाही लावत होते. फोनवर एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, आपल्या मॉडेलच्या काही गाड्या कंपनीने परत बोलावल्या आहेत." मग तिने सांगितलं की पुढची दोन्ही चाकं वळवणारा जो रॉड असतो, त्याच्या जोडाचा नट काही गाड्यांमध्ये कारखान्यातच नीट आवळला गेलेला नाही. गाडी नगरच्या वर्कशॉपला आणा, आम्ही तपासून बदलून देऊ, तोपर्यंत भरलेली गाडी घाटात नेऊ नका. मी विचारलं, "नट सैल झाला तर काय होतं?" ती जरा थांबली. मग तशाच गोड आवाजात म्हणाली, "स्टेअरिंग फिरवलं तरी चाकं वळणार नाहीत, मॅडम." मशीनच्या पायडलवरचा माझा पाय थांबला.

दारात आत्या लसूण सोलत बसल्या होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना अर्धं ऐकू येतं आणि नेमकं नको ते अर्धं येतं.

"कुनाला बोलावनं आलंय?"

"गाडीला."

"थू थू! भरल्या घरात असं बोलत्यात व्हय?"

आमच्याकडे बोलावणं दोनच ठिकाणांहून येतं, एक लग्नघरातून आणि दुसरं वरून. गाडीचं लग्न तर निघालेलं नव्हतं. आत्यांनी ताबडतोब लसणाची टरफलं माझ्यावरून ओवाळून बाहेर टाकली, आणि मी वरवर हसले.

संध्याकाळी हे आले तेव्हा मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी शांतपणे हातपाय धुतले, टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "आपल्या गाडीला अजून पाना लागलेला न्हाई."

हे वाक्य कळायला आमच्या आधीच्या गाडीची हकीकत माहीत हवी. ती गाडी सेकंडहँड होती. आज गिअर, उद्या क्लच, परवा आणखी काही. यांचं अर्धं आयुष्य तिच्याखाली पाठीवर झोपण्यात गेलं. घरात पाहुणे आले की विचारायचे, "कुठं हायेत?" आणि आम्ही सगळे एकदम खाली बोट दाखवायचो. नवीन सहाचाकी दारात आली तेव्हा यांनी जुने पाने माझ्या एका फाटक्या साडीत गुंडाळून सीटखाली ढकलले आणि जाहीर केलं की हिला पाना लागू द्यायचा नाही. आमच्याकडे गाडीवाल्यांत माणसाची अब्रू जशी जपतात तशी ही गोष्ट जपतात. चहाच्या टपरीवर कुणी विचारतं, "कशी हाय गाडी?" त्याला ॲव्हरेज सांगत नाहीत, "पाना न लागलेली हाय" एवढंच सांगतात, आणि समोरचा मान डोलावतो. एकदा खोललेली गाडी म्हणजे मग खोललेलीच. तिला पहिली चव राहत नाही, असं सगळे मानतात.

"अहो, पण बोलवणारी कंपनीच आहे. तीच गाडी बनवणारी."

"तेच तर. आपली चूक हाय म्हनून कोन कंपनी सवताहून सांगतीय? तिथं आत घेत्यात, आपल्याला बाहेर खुर्चीवर बसवत्यात, चहा पाजत्यात, आन नवे पार्ट काढून जुने घालत्यात. लई बघितलंय."

"मी दिवसभर लोकांचे ब्लाउज उसवते आणि परत शिवते. उसवलं म्हणून कुणाचा ब्लाउज बाटला नाही आजवर."

"ब्लाउज घाटातनं जात न्हाई," हे म्हणाले.

मला राग असा आला की मी भाकरी जरा जोरातच तव्यावर टाकली. अख्खं घर हसत होतं, मामासुद्धा. मला मात्र त्या मुलीचं ते थांबणं आठवत होतं. ती मुलगी दिवसभर कितीतरी लोकांना हेच वाक्य ऐकवत असणार, तरीही ती थांबली होती.

मग सुरू झाली चालढकल. कांदा निघतोय, निघू दे. पेंडीच्या ऑर्डरी आहेत, होऊ दे. नगरला जाणं व्हायचं, पण वर्कशॉपच्या फाट्यावर गाडी कधी वळायची नाही. मुलीचे फोन येत राहिले. मी दर वेळी "सांगते" म्हणायचे आणि सांगायचे, आणि हे दर वेळी "बघू" म्हणायचे. हळूहळू माझंच मला वाटायला लागलं की आपण उगाच किरकिर करतोय. गाडी तर झकास चालली होती.

एका सकाळी मी अंगणात सडा टाकत होते. यांना वाटलं मी आत आहे. ते गाडीच्या पायरीवर उभे राहिले, खिडकीतून हात घातला आणि स्टेअरिंग नुसतंच डावीउजवीकडे हलवलं. इंजिन बंद. जरा थांबले, पुन्हा हलवलं. मग खाली उतरून पुढच्या चाकाशी वाकले, बराच वेळ वाकूनच राहिले. उठले तेव्हा मी समोर होते.

"काय झालं?"

"काय न्हाई. हवा बघत हुतो."

हवा बघायला स्टेअरिंग हलवावं लागत नाही, एवढं मलाही कळतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस खोटं बोलताना कानाची पाळी चोळतो. तेव्हाही चोळत होता. त्या क्षणापासून मला भीती वाटू लागली. त्यांनाही काहीतरी जाणवलंय आणि तरीही ते पाना लावणार नाहीत, हे मला कळून चुकलं होतं. नुसता कंपनीवरचा राग असता तर भांडता आलं असतं, पण हे स्वतःच्या तोंडच्या वाक्याला बांधले गेले होते. टपरीवर इतक्यांदा सांगून झालेलं वाक्य आता परत कसं घेणार?

त्याच आठवड्यात जामखेडला माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं डोहाळजेवण होतं. यांना नगरहून सरकी पेंडीची पोती भरून जामखेडच्या पुढे, घाट उतरून खालच्या एका डेअरीवर टाकायची होती. म्हणाले, "एसटीनं कशाला, गाडीतच चल. जामखेडला सोडतो, येताना घेतो." मी हिरव्या बांगड्या आणि खणाची ओटी पिशवीत घेतली आणि केबिनमध्ये चढले.

पोती भरून नगर सोडलं तेव्हा ऊन चढलं होतं. एरवी गाडीत हे गाणी लावतात, तोंडाने पट्टा चालू असतो. त्या दिवशी टेप बंद होता. मी रस्ता बघत नव्हते, यांचे हात बघत होते. सरळ रस्ता असूनही हात सारखे हलत होते. जरा डावीकडे, जरा उजवीकडे, जसं पाण्याने भरलेली घागर सांभाळत चालावं. स्पीडब्रेकर आला की खालून 'टक्' असा आवाज यायचा. आवाज छोटाच होता, पण त्यानंतर यांचा जबडा आवळला जायचा.

"कसला आवाज येतोय?"

"पोती हालत्यात."

पुढे एका टपरीवर चहाला थांबलो. टपरीवाला ओळखीचा. त्याने गाडीकडे कौतुकाने बघितलं आणि विचारलं, "अजून पाना न्हाई ना लागला?" मी यांच्याकडे बघत राहिले. मनात म्हटलं, आता तरी बोला. हे हसले आणि म्हणाले, "न्हाई." आणि कानाची पाळी चोळली.

मी चहा अर्धाच ठेवला. गाडीत बसल्यावर मी सरळच म्हणाले, "गाडी हाताला खेळतीय, सरळ राहत नाही. तुम्हाला माहितीये."

"थोडी खेळतीय. भरलेली गाडी खेळतीच."

"मग इथंच उभी करा. फोन करू."

"आन पोती? डेअरीवाल्याची जनावरं काय खातील? उतरवतो, उद्या बघतो."

"घाट आहे पुढे."

"घाट मी लहानपनापासनं उतरतोय. तू जामखेडला उतर, डोहाळं जेव, गप झोप. मी हळूच जातो." आवाज चढलेला होता. मीही गप्प बसणारी नाही, पण त्या वेळी बसले. चालवणाऱ्या माणसाशी भांडू नये म्हणून नाही. ते जे बोलून गेले ते माझ्या डोक्यात फिरत होतं म्हणून. मला ते जामखेडला उतरवणार होते. मग एकटे घाटात जाणार होते. म्हणजे हिशोब त्यांनीही केला होता, फक्त त्यात स्वतःला धरलं नव्हतं.

जामखेडचा स्टँड आला. त्यांनी गाडी कडेला घेतली. मावसबहिणीचा फोन येत होता, "कुठं पोचलीस, मुलगी सजून बसलीय." मी फोन कट केला आणि पिशवी पायाशी घट्ट धरली.

"उतर की."

"न्हाई उतरनार."

"खुळी झाली का? मागं हॉर्न वाजतायत."

"वाजू द्या. गाडी माझ्या नावावर हाय. माझी गाडी जिकडं जाईल तिकडं मी."

घरात मी एवढं गावरान बोलत नाही, मात्र त्या दिवशी आपोआप तोंडून निघालं. ते माझ्याकडे बघत राहिले. मागून हॉर्नचा कालवा. त्यांना वाटलं असावं, पुढे गेल्यावर उतरेल. त्यांनी गिअर टाकला.

जामखेड मागे पडलं. यांनी मला दोनदा उतरायला सांगितलं, एकदा रागावून आणि एकदा अगदी हळू. मी दोन्ही वेळा समोर बघत राहिले.  घरी माझी दोन लेकरं शाळेतून येणार होती. दोघंही गेलो तर त्यांना कोण, हा विचार आला आणि हात दाराच्या कडीवर गेला. पण मी उतरले तर हे नक्की जाणार, आणि मी बसले तर कदाचित जाणार नाहीत. त्या 'कदाचित'वर मी बसून राहिले. इतकी घाबरलेली मी बाळंतपणातसुद्धा नव्हते.

घाट सुरू होण्याचा पिवळा फलक दिसला. पुढे रस्ता एकदम खाली वळलेला, वळणाच्या कठड्याचा एक तुकडा कुणीतरी आधीच पाडलेला. गाडी उताराला लागण्याआधीच यांचा वेग कमी झाला. खाली पुन्हा 'टक्' झालं. यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग गाडी डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेत घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं.  

ते उतरले. चाकांना दगड लावले. सीटखालून ती साडीत गुंडाळलेली पान्यांची गाठ काढली, सोडली आणि गाडीखाली शिरले. मी बाहेर येऊन वाकून बघू लागले. त्यांनी त्या जोडावरची माती फडक्याने पुसली, पाना लावायला हात वर नेला आणि थांबले. पाना बाजूला ठेवला. दोन बोटांनी नट धरला आणि फिरवला. तो फिरला. बाटलीचं झाकण फिरावं तितक्या सहज. नट निसटू नये म्हणून त्यात जी पिन असायला हवी ती नव्हतीच. आणखी दोन-चार आटे, आणि नट खाली पडला असता.

ते तिथेच, गाडीखाली, पाठीवर पडून राहिले. मी हाक मारली तरी बाहेर येईनात. शेवटी बाहेर आले, कठड्यापासून लांब जमिनीवर बसले आणि म्हणाले, "तुझा फोन दे. त्या पोरीचा नंबर काढ."

फोन लागला. तीच मुलगी होती की दुसरी, कोण जाणे. यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "आमच्या गाडीला बोलावनं आलं हुतं," ते म्हणाले, "आमी आलो न्हाई." आणि फोन माझ्यापुढे धरला. मी फोन घेतला, जागा सांगितली. तिकडून सांगितलं की गाडी एक फूटही हलवू नका, माणूस पाठवतो.

ऊन कलेपर्यंत आम्ही त्या पिवळ्या फलकाखाली बसलो. माझ्या पिशवीत ओटीचा नारळ आणि साखर होती, साखर दोघांनी खाल्ली. त्यांच्या हाताला काळं वंगण लागलेलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही. खालच्या वळणावरून गाड्या वर येत होत्या. प्रत्येक गाडी वळली की हे तिच्या पुढच्या चाकांकडे बघत.

मग म्हणाले, "तू जामखेडला उतरली असती तर?"

"तर तुम्ही गेला असता," मी म्हणाले. घाटात, असं मला म्हणायचं होतं.

"व्हय," ते म्हणाले, "गेलोच असतो."