सरहद्दीच्या नावानं अर्धा भाव

झुंबरबाईचा केळीचा मळा आमच्या बांधाला लागून. नवरा गेल्यावर तिच्या जिभेला धार आली, असं गाव म्हणायचं. मी म्हणतो, धार आधीपासूनच होती, फक्त ऐकणारा बदलला.

१९९९चा जून. कारगिलला तोफा धडधडत होत्या आणि आमच्या चोपड्याकडे केळीचे व्यापारी अभयकुमार शेठ गावोगाव हळहळत फिरत होते. "आपला माल पाकिस्तानात जायचा. आता सरहद्द बंद. अर्ध्या भावात द्या, नाहीतर झाडावरच पिकेल." झाडावर पिकलेल्या केळीला कुत्रं विचारत नाही. सगळ्या गावानं माना हलवल्या. त्यात माझीही होती, लपवण्यात अर्थ नाही.

कापणी रस्त्याकडेच्या झुंबरबाईच्या मळ्यापासून सुरू झाली. पहिला घड उतरला तोच ती विळा घेऊन आडवी आली. लांब जाणारी केळी फळाच्या कडा दिसत असतानाच, कच्ची कापतात. हा घड गोल भरलेला होता. असला माल लवकर पिकतो, फार तर इंदूर गाठतो.

"शेठ, तीन वरीस व्हयनात, तुम्ही आमना असाच भरेल माल लई जातस. हाऊ पाकिस्तानले कव्हय पोचना?"

कापणीला जमलेले आम्ही सगळे खाली बघायला लागलो. तीन वर्षं आमच्यासमोरच कापणी होत होती, आणि डोकं मात्र गहाण टाकलं होतं.

शेठचा चेहरा उतरला, पण आवाज चढला. "अक्का, तिकडे जवान मरतायत आणि तुम्हाला भावाची पडलीय? देशासाठी थोडं सोसा."

"देश मांगी तर बठ्ठा मळा फुकट देसू. तुम्हले एक केळं नही!"

शेठ मजुरांना घेऊन गेले. पुढं दोन दिवस कोणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या चार-पाच घडांवर पिवळं दिसू लागलं. वर्षाची मेहनत डोळ्यांदेखत चालली होती. मीच बांधावर गेलो. म्हटलं, "अक्का, अर्धा भावमा दी टाक."

"तुनं तू दे, निंबा," ती म्हणाली.

संध्याकाळी शेठ एकटेच स्कूटरवर आले. तिचं बघून गावानंही घड दिले नव्हते, इंदूरची गाडी रिकामी उभी होती. हळूच म्हणाले, "पूर्ण भाव देतो. फक्त गावात बोलू नका."

झुंबरबाई तडक बांधावर आली आणि पार नदीपर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली, "निंबा रे! बठ्ठा गावले बलाव! शेठ पूरा भाव देस, पन कोनले सांगू नको म्हनस!"