आंबिलीची बिंदगी

येळवशीच्या दिवशी शिरूर अनंतपाळकडची गावं बघावीत. घराघराला कुलूप, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. आज जेवण शेतात आहे हे त्यालाही ठाऊक असतं. मार्गशीर्षातली ती अमावस्या. ज्वारी छातीला लागलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले. रानात कडब्याची कोपी करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून पुजायचे, मग झाडाखाली पंगत. पालेभाज्या-शेंगांची भज्जी, ज्वारीचे उंडे, खीर आणि वर हवी तेवढी ताकातली आंबील. वाटेनं परका माणूस चालला असला तरी त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. लातूरला नोकरीला गेलेली माणसं एक वेळ दिवाळीला चुकतील, येळवशीला चुकायची नाहीत.

अशा गावात एका बाईनं येळवस कधी पाहिलीच नव्हती, आणि गंमत बघा, तारीफ व्हायची ती तिच्याच हातच्या भज्जीची. ही सिंधु.

सिंधु बिलोलीकडची. याच दिवसांत माहेरची माणसं माळेगावच्या जत्रेला निघत. घोडे, गाढवं, उंट बघत फिरून पायाला गोळे यायचे, तरी ही पोरगी घरी यायला तयार नसायची. लग्न करून इकडं आली आणि पहिल्याच येळवशीला बाहेरची झाली. दुसऱ्या साली ऋतुजा पोटात, दिवस भरलेले. मग सासऱ्याचं सुतक. ते फिटलं तर सासू केवळाबाई न्हाणीत घसरल्या, मांडीचं हाड गेलं आणि बाजेला खिळल्या. त्यांना एकटं टाकून कसं जायचं? तेव्हापासून दरसाल सिंधुनं रांधायचं, डबे भरायचे, गाडी जाताना दारातून पाहायची आणि संध्याकाळी उरलेली भज्जी गार खायची. त्याच शेतात ती वर्षभर खुरपायची, पण येळवशीच्या दिवशी ते कसं दिसतं, हे तिला पोरीच्या फोटोतूनच कळायचं.

यंदा नवरा व्यंकट म्हणाला, “पूजा झाली की मी लगेच माघारी येतो. मायपाशी बसतो, तू जा.”

“गेल्या सालीबी असंच म्हणला होतात.”

“गेल्या साली जरा डोळा लागला.”

“जरा?” बाजेवरून केवळाबाई बोलल्या. “आंबील ढोसून लिंबाखाली घोरत हुतास दिवस मावळूस्तोर.”

सकाळी लातूरहून धाकटा दीर दयानंद गाडी घेऊन आला. एकच घाई उडाली. डबे गेले, चटया गेल्या, फोटो काढायला म्हणून ऋतुजा आईचा फोन घेऊन गेली. सिंधु मागं न्हाणीत भांडी घासत होती. गाडी सुरू झाल्याचं ऐकून हात पुसत दाराशी आली, दार ओढलं, तर दार हलेना.

बाहेरून कुलूप!

व्यंकटनं मुद्दाम केलं नव्हतं. येळवशीला घरातून निघालं की कुलूप लावायचं, हे हाताला लहानपणापासून बसलेलं. हातानं आपलं काम केलं आणि डोकं गाडीत जाऊन बसलं.

सिंधुनं दार बडवलं. खिडकीच्या गजाला तोंड लावून हाका मारल्या. ऐकणार कोण? शेजारच्या शांतम्माच्या दाराला कुलूप, समोर कुलूप, देवळापर्यंत सगळी कुलपंच. नव्या घराला दार एकच, तेही लोखंडी. ती खिडकीकडून दाराकडं, दाराकडून खिडकीकडं फिरत राहिली. भिंती सरकून जवळ आल्यासारख्या वाटायला लागल्या.

“आत्या, मला कोंडलं ओ!”

“तुला आज कोंडलं व्हय?” केवळाबाई आढ्याकडं बघत म्हणाल्या. “मला कवाचं कोंडलंय.”

सिंधु बाजेशी खाली बसली. बसल्यावर तिला उशापलीकडच्या कोपऱ्यात घोंगडी दिसली, आणि घोंगडीखाली आंबिलीची बिंदगी, गळ्यापर्यंत भरलेली ती मातीची घागर, जशीच्या तशी.

“आत्या! बिंदगी हितंच हाय!”

“हाय की.”

“ऱ्हायलेली तुमाला दिसली न्हाई?”

“दिसली की.”

“मग बोलला का न्हाईत?”

“तोंडात पान हुतं.”

आंबील शेताला शिंपडल्याशिवाय पूजा पुरी होत नाही. गाडीच्या घाईत व्यंकट ती विसरला, म्हणजे त्याला झक मारत परत यावं लागणार. आणि या घरची रीत अशी, की बिंदगी घरच्या गड्यानं डोक्यावर घेऊन पायी न्यायची, आणि एकदा उचलली की वाटेत कुठंही टेकायची नाही. उतरायची ती पांडवांपुढंच.

लांबून फटफटी वाजली; शेजारच्या रानातल्या कुणाची तरी मागून व्यंकटच येत असणार.

“उचल,” केवळाबाई म्हणाल्या.

“मी? गड्यानं न्यायची असती ना ती?”

“तुझा सासरा तापानं पडला हुता त्या साली म्या नेली. ज्वारी काय वाळून गेली न्हाई.”

“आन् हे काय म्हणतील?”

“म्हणू दे. पर डोक्यावरची बिंदगी खाली ठिवायला लावायची छाती हाय का त्याची? उचल म्हणते ना!”

फटफटी दाराशी थांबली. तिनं चुंबळ केली, घोंगडी खांद्यावर टाकली, दोन्ही हातांनी बिंदगी उचलून डोक्यावर घेतली. आंबील आत डचमळली. तेवढ्यात कुलूप निघालं.

“बिंदगी ऱ्हायली, सगळे खोळंबलेत... अगं, तू आत असताना म्या कुलूप लावलं?” व्यंकटनं हातातलं कुलूप उलटून पाहिलं. मग सवयीनं त्यानं हात पुढं केले. “आण हिकडं.”

“हात लावू नगंस,” केवळाबाई कडाडल्या. “उचललेली बिंदगी कुठं उतरत असती?”

“पांडवापुढं.”

“मग? तू बस माझ्यापाशी. माझी कूस बदल, पाणी पाज. आज आंबील पोटात न्हाई, झोप यायची न्हाई तुला.”

व्यंकट एकदा आईकडं, एकदा बायकोकडं बघत उंबऱ्यातून बाजूला झाला. सिंधु बाहेर पडली. मागून तो म्हणाला, “कवा येशील?”

मान वळवायची सोय नव्हती. पुढं बघतच ती म्हणाली, “डोळा न्हाई लागला तर येते.”

बंद दारांमधून ती चालत राहिली. मानेला रग लागली, पण थांबून चालणार नव्हतं. संध्याकाळी तेच दार, तीच बाज. ते काही तिला चुकणार नव्हतं. गाव संपलं तशी दोन्हीकडची रानं माणसांनी भरलेली दिसली. कोप्याकोप्यांतून हाका येऊ लागल्या. डोक्यावर बिंदगी, तोंडावर पदर, कुणी तिला ओळखलंच नाही.

“ओ बाई, कुण्या गावच्या? या, जेवून जावा!”

“पुढं जायाचंय,” सिंधु ओरडली. “आमच्या शेतात!”

लांब बांधावर दयानंद कपाळावर हात धरून उभा होता. “आली रं, बिंदगी आली!” तो कोपीकडं बघून ओरडला. मग पुन्हा निरखून बघत म्हणाला, “पर तिच्याखाली व्यंकटदादा न्हाई!”